सुटू शकेल असा सांधा



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, नाटकावर, समीक्षेवर अधिकाराने बोलणारी माणसे येऊन गेली. त्यांच्या पंक्तीत एका निवृत्त चित्रकला-शिक्षकाला का बसवता, असे मी आपल्या कार्यवाहांना फोनवर विचारले. ते म्हणाले, "तुम्ही समुद्रावरची लाकडे गोळा करून जोडता ना, त्याबद्दलच बोला. त्यातले साहित्य आमचे आम्ही शोधू." त्या भरवशावर मी उभा आहे.

काल पणजीहून चोर्ला घाट चढून बेळगावला येताना मनात एक गोष्ट घोळत होती. म्हादई आपल्या खानापूर तालुक्यातल्या रानात उगम पावते, सत्तरीत उतरते, पुढे तिला मांडवी म्हणतात आणि पणजीपाशी ती समुद्राला मिळते. तिच्या पाण्यावरून चाललेल्या वादात मी पडत नाही. ते मला झेपणारे नाही. पण पाण्याबरोबर ती लाकूडही आणते. मिरामार ते करंझाळे हा माझा रोज सकाळी फिरण्याचा पट्टा. आषाढ-श्रावणात तिथल्या वाळूवर नारळाच्या झावळ्या, बांबूची बेटे, तुटलेल्या होड्यांच्या फळ्या आणि रानातली मुळे, फांद्या, ओंडके येऊन पडतात. कोणता ओंडका कुठला, हे त्याच्यावर लिहिलेले नसते. तरी गेली अनेक वर्षे मी जे हाताळतो आहे त्यातले काही आपल्या भीमगडच्या बाजूचे असणार, असे मी धरून चालतो. तेव्हा आज मी आपलीच वस्तू आपल्याला परत दाखवायला आलो आहे असे समजा.

वाहत्या लाकडाचे नाव काढले की मराठी माणसाला एक चित्र हटकून आठवते. महासागरात एका लाकडाला दुसरे लाकूड भेटते, काही काळ दोन्ही बरोबर तरंगतात आणि मग लाट त्यांना वेगळे करते. रामायणात राम भरताची समजूत घालतो तिथे हा दृष्टांत आहे, महाभारताच्या शांतिपर्वातही आहे. आणि १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाल्यापासून तो आपल्या घराघरांत आहे. आमच्या घरी माझे वडील ते गाणे लागले की रेडिओपाशी हात जोडून बसत. दृष्टांत वियोगाचा आहे. भेट क्षणाची, ताटातूट ठरलेली. माझा उद्योग याच्या अगदी उलट. वेगवेगळ्या दिशांनी आलेली लाकडे मी उचलतो आणि एकमेकांना बांधून ठेवतो. लाट येऊ नये अशी तजवीज करतो म्हणा. हे करायला मला कुणी सांगितले, आणि ते कितपत बरोबर आहे, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला. त्याकडे शेवटी येईन. आधी सांधा कसा करतात ते सांगतो, कारण माझा प्रश्न त्या कारागिरीतूनच आला.

निवृत्तीच्या वर्षी मी पहिला बगळा केला. एक वाकडे मूळ मान म्हणून शोभत होते, दोन बारीक फांद्या पाय झाल्या, एका फळीच्या ढलप्यांचे पंख झाले. ओलसर लाकडेच घरी आणली, आठवडाभर उन्हात टाकली आणि बाजारातले लोखंडी खिळे ठोकून जोडली. शाळेच्या प्रदर्शनात बगळ्याचे कौतुक झाले. गणपतीपर्यंत त्याच्या पायांभोवती काळे डाग पडले, दिवाळीत एक पंख कलला आणि पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी तो व्हरांड्यात तोंडावर पडलेला होता. पत्नी म्हणाली, "बरं झालं. तुम्ही त्याला खिळून टाकला होता." ती गमतीने बोलली, पण कारण नेमके तेच होते.

समुद्रातून आलेल्या लाकडात मीठ मुरलेले असते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे खिळा कधी कोरडा राहत नाही, तो गंजतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, म्हणून खिळ्याभोवतीचे लाकूड आतून फाटते. लाकडातला तुरट अंश, टॅनिन, लोखंडाला लागला की काळा डाग पडतो. पूर्वी शाई याच मेळातून करत. एवढेच नव्हे, तर लाकूड आडवे फुगते आणि आडवेच आक्रसते. ओले लाकूड पूर्ण वाळले की आडव्या अंगाने शंभर भागांत पाच ते दहा भाग कमी होऊ शकते, पण लांबीला हजारात एखाददुसरा भागच. त्यामुळे एक लाकूड उभे आणि दुसरे आडवे असे घट्ट ठोकले की दोघांची ओढ वेगळ्या दिशांना सुरू होते. खिळा दोघांनाही हलू देत नाही. मग कुणीतरी फाटते.

हे मला पुस्तकाने नव्हे, होड्यांची कामे करणाऱ्या एका वृद्ध मेस्ताने समजावले. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात. मी त्यांना मोडलेला बगळा दाखवला. त्यांनी पाय हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, लांकूड मरूंक ना. तें अजून हालता." झाड तोडले, वाहून गेले, वाळले, तरी लाकूड मरत नाही, ऋतूप्रमाणे हलत राहते. ज्याला हे मान्य नाही त्याने दगडात काम करावे, असे त्यांचे म्हणणे.

त्यांच्याकडून शिकलो ती पद्धत अशी. लाकूड आणले की आधी गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचे आणि पाणी बदलत राहायचे. पाण्याची चव खारट लागेनाशी होईपर्यंत हे काही आठवडे चालते. मग सावलीत, वारा लागेल अशा जागी, जमिनीपासून उचलून वाळवायचे. उन्हात घाई केली की टोके चिरतात. वाळताना तेच लाकूड दर आठवड्याला तराजूवर ठेवायचे. वजन उतरायचे थांबले की ते तयार झाले. मग टोचून पाहायचे. समुद्रात टेरेडो नावाचा एक जीव लाकूड पोखरतो. दिसतो अळीसारखा, पण असतो शिंपल्यांच्या कुळातला. त्याची भोके बाहेरून टाचणीएवढी आणि आत बोटभर रुंद बोगदे. बाहेरून धडधाकट दिसणारा ओंडका आतून पोकळ निघतो तो याच्यामुळे. समुद्राबाहेर हा जीव जगत नाही, पण घरात आणल्यावर भिरूड आणि वाळवी लागू शकते, म्हणून बोरॅक्सच्या पाण्याचा हात द्यायचा आणि सगळे वाळल्यावर जवसाचे तेल. रंधा मात्र कधी मारायचा नाही. नदीने आणि वाळूने घासून आणलेली ती करडी कातडी एकदा गेली की परत येत नाही.

आता जोड. दोन तुकडे एकमेकांशेजारी धरायचे आणि फिरवत राहायचे. कधी एकाचा खोलगट भाग दुसऱ्याच्या उंचवट्यात आपोआप बसतो. असा मेळ सापडला की निम्मे काम झाले. मेळ सापडायला कधी एक संध्याकाळ लागते, कधी दोन वर्षे. माझ्याकडे एक फांदी चार पावसाळे खोक्यात पडून होती. मग गिरमिटाने भोक पाडायचे, बांबूची किंवा टणक लाकडाची खुंटी बसवायची आणि जिथे ओढ जास्त तिथे काथ्याच्या सुंभाने बांधायचे. भार फारच असेल तर न गंजणाऱ्या पोलादाची सळई आत घालावी लागते. त्यात कमीपणा नाही. उभ्या शिल्पाला शेवटी ओळंबा लावायचा. सगळा भार जिथून खाली उतरतो ती रेघ पायांच्या आत पडली पाहिजे. ती बाहेर पडत असेल तर सांधा कितीही पक्का असला तरी पक्षी पडणार.

सुंभाचे नाव घेतले की आपण हसतो, कारण आपल्याला त्याचा फक्त पीळ माहीत. पण या दोरीने अरबी समुद्र ओलांडला आहे. आपल्या किनाऱ्यावर पूर्वी फळ्या काथ्याने शिवून जहाजे बांधत. अजिंठ्याच्या चित्रात पाचव्या शतकातले एक जहाज आहे. त्याच्या आधारे असेच शिवलेले एक जहाज अलीकडे गोव्यात बांधले गेले आणि २०२५च्या मे महिन्यात कारवार येथे 'कौंडिण्य' या नावाने ते नौदलात दाखल झाले. शिवलेले जहाज लाटेबरोबर किंचित लवते. ध्रुवाजवळच्या लोकांनी हेच वेगळ्या वाटेने शोधले. तिथे झाडे नाहीत. सायबेरियाच्या नद्यांनी समुद्रात सोडलेली लाकडे बर्फाबरोबर वाहत त्यांच्या किनाऱ्याला लागतात. ग्रीनलंडच्या लोकांनी या वाहत्या लाकडाचे सांगाडे खुंट्यांनी आणि चामड्याच्या वाद्यांनी बांधून त्यांवर सीलचे कातडे चढवले आणि कयाक नावाची होडी केली. ताठ सांधा लाटेत तुटतो, बांधलेला सांधा टिकतो, हे ज्याला जीव वाचवायचा होता त्याला आधी कळले. मूर्तिकाराला ते नंतर कळले.

मी वर्गात सुलेखनही शिकवत असे, म्हणून इथे एक आपल्या घरातला दाखला देतो. 'काष्ठ' हा शब्द लिहून पाहा. त्यातला ष आपला उभा दंड सोडतो आणि ठ ला जाऊन मिळतो. 'म्हादई'तला म तेच करतो. जोडाक्षरात एकाने काहीतरी सोडावे लागते, पण राहिलेल्या अर्ध्या अक्षराचा चेहरा ओळखू येतो. याउलट क्ष आणि ज्ञ पाहा. क आणि ष मिळून क्ष झाला हे मुलांना सांगावे लागते. डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही जोडच आहेत, दोन्ही आपल्याला लागतात. लाकडातही हे दोन प्रकार आहेत. भुसा आणि डिंक कालवून फट बुजवली, वरून घासून रंग दिला की क्ष होतो: कुठले लाकूड कुठे संपले ते कळत नाही. खुंटी आणि सुंभ वापरले की म्ह होतो. मला दुसरा प्रकार आवडतो. फुटलेली फळी फळी म्हणून दिसावी आणि त्याच वेळी पंख म्हणूनही दिसावी. यातले एक जरी हरवले तरी मजा गेली.

या वाटेने गेलेली मोठी माणसे आहेत. अवनींद्रनाथ ठाकूर आपल्याला माहीत आहेत ते १९०५ सालच्या भारतमातेच्या चित्रामुळे आणि बंगाल चित्रशैलीचे प्रवर्तक म्हणून. उतारवयात त्यांनी वाळक्या काटक्या, मुळे, बांबूचे तुकडे उचलून खेळणी करायला सुरुवात केली. करायची म्हणजे फार थोडे करायचे: एखादी काटकी खोवायची, एखादा तुकडा फिरवून बसवायचा की माकड, उंट, म्हातारा समोर येई. त्यांना त्यांनी नाव दिले कुटुम-काटाम. बंगालीत कुटुम म्हणजे सोयरा. एवढ्या मोठ्या चित्रकाराने आयुष्याच्या शेवटी अंगणातल्या काटक्यांशी सोयरीक जोडली, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडेही सोयरीक 'जुळते'. ठोकून बसवत नाहीत.

दुसऱ्या लुईस नेव्हलसन. जन्म १८९९चा, आजच्या युक्रेनमधला. १९०५ साली, लहानपणीच, कुटुंबाबरोबर अमेरिकेत आल्या. वडील लाकडाच्या व्यवसायात होते. या बाई न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर फेकलेले लाकूड गोळा करत: खुर्चीचे पाय, कठड्यांचे खांब, खोक्यांच्या फळ्या. ते पेट्यांत रचून, पेट्यांवर पेट्या चढवून त्यांनी भिंतीएवढी शिल्पे उभी केली आणि त्यांतल्या बऱ्याच शिल्पांना एकच काळा रंग दिला. १९५८चे 'स्काय कॅथेड्रल' हे त्यांतले गाजलेले. काळ्या रंगाने सगळे तुकडे एका घरचे झाले. पण कुणाचा कोणता, ते ओळखणे अवघड झाले. परक्या देशात आलेल्या कुटुंबातल्या बाईंनी असे का केले असेल, याचा विचार इथे बसलेल्यांनी करावा. मी उत्तर देणार नाही.

तिसऱ्या डेबोरा बटरफील्ड, अमेरिकेतल्याच, जन्म १९४९चा. त्या आयुष्यभर घोडेच करत आल्या आहेत. आधी वाहून आलेल्या फांद्यांचा घोडा उभा करतात, सर्व बाजूंनी त्याची छायाचित्रे घेतात, मग तो सोडवतात. प्रत्येक फांदीभोवती साचा करून ती भट्टीत जाळतात आणि तिच्या जागी ब्राँझ ओततात. ते ब्राँझचे तुकडे पुन्हा पहिल्यासारखे जोडून, वर लाकडाचा रंग चढवला की घोडा तयार. पाहणारा लाकूडच समजतो, बोट वाजवून पाहिले की कळते. हा घोडा शेकडो वर्षे टिकेल. पण ज्या फांद्यांनी तो सुचवला त्यातली एकही उरली नाही. टिकण्याची ही किंमत त्यांनी जाणून मोजली आहे. मला ती मोजवत नाही. पण तो माझ्या धैर्याचा प्रश्न आहे, कलेचा नव्हे.

आता त्या उशिरा पडलेल्या प्रश्नाकडे वळतो.

२०२१च्या जुलैमध्ये म्हादईला फार मोठा पूर आला. सत्तरीत मातीच्या भिंतींची घरे पडली, बागायती वाहून गेल्या. त्याच पावसाने आपल्याकडेही नद्या फुगल्या होत्या. पूर ओसरल्यावर चार दिवसांनी मी किनाऱ्यावर गेलो. इतके लाकूड मी कधी पाहिले नव्हते आणि खरे सांगायचे तर मला आनंद झाला. हावरटपणे मी एकेक तुकडा बाजूला काढत होतो. त्यात एक जड, चौकोनी, साडेतीन फुटांचे लाकूड हाताला लागले. एका टोकाला गोल भोक होते. जुन्या घरांत दाराचा खालचा खुंट अशा भोकात फिरतो. आणि मधोमध ते खोलगट झिजलेले होते. क्षणभर मी त्या झिजेकडे उत्तम आकार म्हणूनच पाहिले. मग लक्षात आले, हा उंबरठा आहे. पाण्याने एवढी झीज होत नाही. ती पावलांनी झाली आहे.

तो उचलून घरी आणला खरा, पण हात पुढे जाईना. तोवर मी समजत होतो की वाहून आलेले लाकूड कुणाचेच नसते. ओळखीच्या एका वकिलाने सांगितले की कायदा तसे म्हणत नाही. १९२७च्या भारतीय वन कायद्यात वाहत आलेल्या आणि किनाऱ्याला लागलेल्या लाकडावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्याच्या ४५व्या कलमाप्रमाणे असे लाकूड कुणी मालकी सिद्ध करीपर्यंत सरकारचे समजायचे. आणि ४६व्या कलमात हक्क सांगणाऱ्यांसाठी जाहीर सूचना काढायची सांगितली आहे, तिची मुदत दोन महिन्यांपेक्षा कमी नसावी. वकीलसाहेब हसत म्हणाले, "मास्तर, तुमचे सगळे बगळे सरकारी आहेत." पुढे मी रीतसर विचारणा करून काटक्या-मुळांपुरती मोकळीक मिळवली. पण मला भिडला तो त्या कायद्यामागचा विचार. शंभर वर्षांपूर्वी तो लिहिणाऱ्याच्या मनात एवढे नक्की होते की वाहून आलेल्या वस्तूच्या मागे कुणीतरी असू शकते, आणि त्याला येऊन मागायला वेळ दिला पाहिजे.

मी उंबरठ्याचे छायाचित्र काढून सत्तरीतल्या ओळखीच्या शिक्षकांना पाठवले. तीन जणांचे फोन आले. दोन कुटुंबे येऊन पाहून गेली. दोघांचाही तो नव्हता. दुसऱ्या कुटुंबातल्या आजी व्हरांड्यात शिरल्या तेव्हा तो दारालगत जमिनीवर ठेवलेला होता. त्यावर त्यांनी पाय दिला नाही. साडी सावरून तो ओलांडला, वाकून त्याला हात लावला, हात कपाळाला लावला आणि मग म्हणाल्या, "आमचो न्हय." दार नाही, भिंत नाही, घर नाही, तरी त्या बाईंच्या लेखी तो उंबरठाच होता. मी ज्याला तुकडा म्हणत होतो त्याला त्यांनी नावाने ओळखले.

वर्षभर तो तसाच ठेवला. मग मी दुसरा बगळा करायला घेतला, एकतीस तुकड्यांचा, आणि त्याला जड बैठक हवी होती. घरात मतभेद झाला. पत्नी म्हणाली, "उंबरठ्यावर कुणी उभं राहतं का?" तिचे बरोबर होते. माझेही एक म्हणणे होते: माळ्यावर टाकून वाळवीला देण्यापेक्षा त्याने कुणाला तरी आधार द्यावा. शेवटी तडजोड अशी झाली. उंबरठ्याला एकही नवे भोक पाडायचे नाही, तो कापायचा नाही, घासायचा नाही. बगळा झिजलेल्या मध्यावर उभा करायचा नाही. बगळे एका पायावर उभे राहतातच. त्याचा तो एक पाय मी टोकाच्या जुन्या भोकात, जिथे पूर्वी दाराचा खुंट फिरत होता तिथे, नुसता उतरवला. एक पंख किंचित खाली सोडून त्याचे टोक शेजारच्या एका ओंडक्यावर टेकवले, आणि ओंडका उंबरठ्याला सुंभाने बांधला. ओळंबा लावला. रेघ आत पडली.

हा बगळा आजही आमच्या व्हरांड्यात आहे. त्याला दोनदा मागणी आली, एकदा बऱ्या किमतीला. मी दिला नाही, कारण खालची वस्तू माझी नाही. सुंभाच्या तीन गाठी सोडल्या आणि पाय वर उचलला की उंबरठा जसा आला तसा मोकळा होतो. मी घड्याळ लावून पाहिले आहे: बारा मिनिटे लागतात. दर पावसाळ्याच्या आधी मी त्या गाठी सोडतो, सुंभ बदलतो, पुन्हा बांधतो. खिळ्याने जोडले असते तर हा व्याप नव्हता. पण खिळा काढताना लाकूड फाटते.

मघा विचारले होते, जोडायला मला कुणी सांगितले आणि ते कितपत बरोबर. पहिल्याचे उत्तर, कुणीही नाही. दुसऱ्याचे मला एवढेच सुचले आहे की ज्याचा तुकडा त्याला परत देता येईल, अशा बेताने जोडावे. देण्याची वेळ बहुधा येणार नाही. पण ती येऊ शकते हे गृहीत धरून हात चालवला की कापणे कमी होते, पाहणे वाढते. पहिला बगळा मी लाकडाला न विचारता केला होता. दुसऱ्यात मला जिथे भोक हवे होते तिथे ते पाडता आले नाही, म्हणून पंख टेकवावा लागला. आणि येणारे जाणारे पाहतात तो टेकलेला पंखच. घर गेलेल्यांचे दुःख त्याने हलके झाले, असा माझा दावा नाही. तो उंबरठा कुणाचा हे मला आजही ठाऊक नाही.

आपल्याला मी वाहून आलेले म्हणणार नाही. तेवढी जाण मला आहे. आपली घराणी इथलीच आहेत, पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण बाजारात एक भाषा, देवघरात दुसरी, कचेरीत तिसरी, हा सांधा आपण रोज सांभाळता. मी घरात कोंकणी बोलतो, वाचतो-लिहितो मराठी. मघा मेस्तांचे आणि त्या आजींचे शब्द मी आपल्याला त्यांच्याच बोलीत ऐकवले, ते भाषांतर करून सांगताना मलाच तुटल्यासारखे वाटले असते. सांधा जपायचा म्हणजे दरवर्षी गाठ सोडून पाहायची, दोरी कुजली असेल तर नवी घ्यायची, एवढेच मला या कामातून कळले. अशा व्याख्यानमालाही बहुधा याच कामासाठी असतात.

जाता जाता एक विनंती. आपल्यापैकी कुणी पावसाळ्यानंतर म्हादईच्या किंवा मलप्रभेच्या काठी गेलात आणि एखादे सुंदर मूळ दिसले, तर सगळीच लाकडे उचलू नका. काठावर पडलेल्या ओंडक्याखाली खेकडे, किडे, बेडूक राहतात, किनाऱ्यावर त्याच्या आडोशाने वाळू धरून राहते. एखादेच घ्या, गोड्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा आणि घाई करू नका. आणि सत्तरीकडे कुणाचे नातेवाईक असतील तर त्यांना विचारा. साडेतीन फुटांचा उंबरठा आहे, उजव्या टोकाला भोक, मध्ये झिजलेला. ओळखीचा वाटला तर मला कळवा. गाठी मी सोडून ठेवीन.